म्हणींचीं मुळें आणि बनावट कुळें

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडील जुनीं माणसें सांगत आलीं. या सांगण्यांत शहाणपणापेक्षां संकोच अधिक आहे हें खरें. पण ज्या विषयासंबंधानें आम्ही आज चार शब्द लिहीत आहों, त्यांत उलट टोकाचा अविचार इतका माजला आहे कीं, त्यापेक्षां तो संकोचच बरा होता असें म्हणण्याची पाळी यावी. हा विषय म्हणजे इंग्रजी भाषेंतील रूढ म्हणी व वाक्संप्रदाय यांच्या उत्पत्तीचा. इंग्रजी शिकलेल्या आमच्या समाजांत या उत्पत्तिकथांचें पीक बारमाही आहे. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत त्या चौकटींत बसलेल्या असतात. वर्गांत अध्यापक त्या रंगवून सांगतात. आणि अलीकडे तर घरोघरच्या मोबाइलवर त्या सकाळच्या चहाबरोबरच येऊन दाखल होतात. सांगणाराच्या मुद्रेवर कांहीं गुह्य उघड केल्याचें समाधान असतें, आणि ऐकणाराच्या तोंडून ‘असें होय!’ हा उद्गार निघतो. ‘हें कशावरून?’ हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. आमची तक्रार या न निघणाऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

उदाहरणार्थ, ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हा संप्रदाय घ्या. मांजरांचा आणि कुत्र्यांचा पाऊस! शाळेंतल्या मुलालाहि हा ठाऊक असतो, आणि त्याची उपपत्तिहि त्याच्या गुरुजींना ठाऊक असते. ती अशी : जुन्या काळीं इंग्लंडांतील घरांचीं छपरें गवतानें शाकारलेलीं असत, थंडीपासून बचाव व्हावा म्हणून घरचीं कुत्रींमांजरें त्या गवतांत शिरून बसत, जोराचा पाऊस आला म्हणजे छप्पर निसरडें होई आणि तीं पटापट खालीं घसरत. १९९९ सालीं एका निनांवी ई-मेलमधून सोळाव्या शतकांतील इंग्रजी राहणीच्या अशाच अनेक ‘मौजां’बरोबर ही कथा जगभर पसरली, आणि अद्यापि तिचा संचार चालूच आहे. आतां ज्यानें शाकारलेलें घर एकदां तरी पाहिलें आहे त्याला हें सांगावयास नको कीं, नीट शाकारलेल्या छपराचें गवत दाट आवळलेलें असतें आणि पाणी त्याच्या वरून वाहून जातें. त्यांत उंदीर शिरेल, चिमणी घरटें करील, पण कुत्रा? बरें, एखादें जनावर वर चढलेंच असें मानलें, तरी तें ऊब शोधीत आंत शिरलें कीं निसरड्यावरून घसरण्यासाठीं वरच बसलें, याचा खुलासा या कथेंत नाहीं. वास्तविक पाऊस सुरू होतांच तें शहाणपणानें खालीं उतरून चुलीजवळ जाईल.

ही कथा ज्यांना फार गांवढळ वाटते त्यांच्यासाठीं दुसरी एक विद्वत्तेच्या वेषांतली तयार आहे. नॉर्स पुराणांतील ओडिन हा वादळाचा देव, कुत्रे त्याचे अनुचर, मांजरें चेटकिणींचीं सोबतीण. सबब मांजर म्हणजे पाऊस आणि कुत्रा म्हणजे वारा. ओडिनची पूजा थांबल्यावर कित्येक शतकांनीं हा संप्रदाय इंग्रजींत दिसूं लागतो. मधल्या काळांत तो कोठें दडून बसला होता, हें सांगण्याची तसदी कोणी घेत नाहीं. तिसरी उपपत्ति यांपेक्षां बरी. जोनाथन स्विफ्टनें १७१० सालीं लंडनांतील पावसाच्या सरीवर जी कविता लिहिली, तींत गटारांतून वाहत जाणारीं मेलेलीं कुत्रींमांजरें आहेत. तेव्हां त्या घाणेरड्या रस्त्यांवरूनच हा संप्रदाय निघाला असावा असें कित्येकांस वाटतें. पण येथें सन आडवा येतो. हेन्री व्हॉन या कवीनें १६५१ सालींच कुत्रींमांजरें पावसासारखीं बरसण्याची कल्पना योजिलेली आहे, आणि १६५३ सालीं छापल्या गेलेल्या रिचर्ड ब्रोमच्या ‘द सिटी विट’ या नाटकांत कुत्रे आणि पोलकॅट नांवाचें उग्र वासाचें रानटी जनावर यांचा पाऊस पडतो. म्हणजे स्विफ्टची ती कविता प्रकट होण्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधींच इंग्रजी आकाशांतून हीं जनावरें पडूं लागलीं होतीं. आज परिचित असलेलें रूप स्विफ्टच्याच १७३८ च्या ‘पोलाइट कॉन्व्हर्सेशन’ या पुस्तकांत आढळतें, आणि तेंहि रिकामटेकड्या मंडळींच्या झिजलेल्या बोलण्याची थट्टा म्हणून.

मग मूळ काय? निश्चित मूळ सिद्ध झालेलें नाहीं. आणि आम्ही असें विचारतों कीं, मूळ म्हणून एखादी घडलेली गोष्ट असलीच पाहिजे हा हट्ट तरी कां? आपण मुसळधार पाऊस म्हणतों; कोणत्या गांवीं कोणाच्या घरचीं मुसळें आभाळांतून पडलीं याची चौकशी आपण करीत नाहीं. फ्रेंच माणसाकडे दोरखंडांचा पाऊस पडतो. वेल्समध्यें म्हाताऱ्या बाया आणि काठ्या पडतात. चेक लोकांकडे हातगाड्या कोसळतात. मनुष्याची जीभ अतिशयोक्ति करते. तिला त्यासाठीं छपरावरून घसरलेल्या मांजराची साक्ष लागत नाहीं.

या सर्व विवेचनांत एक साधें हत्यार आम्हीं वापरलें, तें म्हणजे सन. कोणता शब्दप्रयोग छापील वाङ्मयांत प्रथम केव्हां आढळतो आणि त्या वेळीं त्याचा अर्थ काय होता, एवढें पाहिलें कीं निम्म्याहून अधिक कथा आपोआप गळून पडतात. याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकन इंग्रजींतील ‘द होल नाइन यार्ड्स’ हा आहे. सगळेंच्या सगळें, कांहीं न वगळतां, असा याचा अर्थ. हे नऊ यार्ड कोठून आले? कोणी सांगतो, दुसऱ्या महायुद्धांतील लढाऊ विमानांच्या मशीनगनचा काडतुसांचा पट्टा नऊ यार्ड लांब असे. कोणी म्हणतो, काँक्रीट वाहणाऱ्या मोटारींत नऊ घनयार्ड माल मावे. कोणी स्कॉच लोकांच्या घोळदार पोषाखाचें कापड मोजतो, तर कोणी जहाजाच्या डोलकाठ्यांवरील आडव्या काठ्या मोजतो. ज्यांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या नऊवारी लुगडें नेसलें गेलें, त्या आम्हां महाराष्ट्रीयांना तर येथें आपलीहि एक कथा जोडून देण्याचा मोह अनावर व्हावा! पण जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांच्या शोधांत असें निष्पन्न झालें कीं, इंडियाना संस्थानांतील मिचेल गांवच्या पत्रांत १९०७ व १९०८ सालीं हे नऊ यार्ड होते. आणि त्यानंतर १९१२ सालीं केंटकींत व १९२१ सालीं दक्षिण कॅरोलायनांत त्याच अर्थानें ‘सहा यार्ड’ असाहि प्रयोग चालत होता. महायुद्धाचा पट्टा आणि मोटारींतील काँक्रीट हीं दोन्हीं येथेंच निकालांत निघालीं. उरलेल्या कथांचीहि तीच गत; कारण जेथें आंकडाच कधीं सहा आणि कधीं नऊ, तेथें नवाच्या आंकड्यावर उभारलेल्या प्रत्येक इमारतीचा पायाच गेला. कापड, जहाज, लुगडें, सगळें एकाच सपाट्यांत!

आतां अशा कथांचा एक विशेष वर्ग आम्हां हिंदी लोकांच्या अभिमानाला गुदगुल्या करणारा आहे, आणि त्याकडे आम्हीं अधिक कठोर दृष्टीनें पाहिलें पाहिजे. ‘बाइट द बुलेट’, म्हणजे निमूटपणें यातना सोसणें, हा संप्रदाय १८५७ च्या काडतुसांपासून निघाला असें मोठ्या आवेशानें सांगण्यांत येतें. शिपायाला दांतांनीं तोडावें लागे तें काडतुसाचें कागदी टोंक, गोळी नव्हे, ही अडचण आपण क्षणभर बाजूस ठेवूं. परंतु फ्रान्सिस ग्रोस याच्या गांवठी इंग्रजीच्या कोशाच्या १७९६ च्या आवृत्तींत असें नमूद आहे कीं, फटक्यांची शिक्षा भोगतांना ओरडूं नये म्हणून इंग्रज शिपाई तोंडांत गोळी चावीत. म्हणजे मंगल पांडे यांनीं बराकपुरास शस्त्र उचललें त्याच्या साठ वर्षें आधींच इंग्रज शिपायाच्या दांतांखालीं गोळी आलेली होती.

तीच गोष्ट ‘आय डोंट केअर अ डॅम’ची. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या सुप्रसिद्ध कोशांत असें सुचविलें आहे कीं, यांतील ‘डॅम’ म्हणजे आपला तांब्याचा दाम. अकबराच्या राज्यांत ज्याचे चाळीस मिळून एक रुपया होई तो. दामाएवढीहि पर्वा नाहीं! अर्थ किती चपखल! पण जेम्स मरे यांच्या ऑक्सफर्डच्या महाकोशानें ही कल्पना चातुर्याची असली तरी तिला वस्तुस्थितीचा आधार नाहीं असा निर्णय दिला; कारण तो शब्द सरळ सरळ इंग्रजी शिवीचाच आहे. ‘पॉश’ या शब्दाचेंहि असेंच. मुंबईस येतांना जहाजाच्या डाव्या बाजूची व परततांना उजव्या बाजूची खोली उन्हापासून सुरक्षित, म्हणून धनिकांच्या पी. अँड ओ. कंपनीच्या तिकिटांवर तशा चार इंग्रजी अक्षरांचा शिक्का असे, ही कथा कोणीं ऐकली नाहीं? मात्र तसें शिक्क्याचें एकहि तिकीट आजवर पुढें आलेलें नाहीं. शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच छापील इंग्रजींत वावरूं लागला होता, आणि अक्षरांची ही फोड छापून आली ती १९३५ सालीं. बापाच्या आधीं मुलगा जन्मल्याचा हा प्रकार आहे.

याउलट, उत्तम किंवा अस्सल वस्तूला इंग्रजींत एके काळीं ‘द चीझ’ म्हणत, तो शब्द मात्र आपल्या ‘चीज’ या शब्दावरून गेला असावा हें कोशकारांनाहि संभवनीय वाटतें. तेव्हां आमचें म्हणणें असें नाहीं कीं हिंदुस्थानाचा संबंध आला म्हणजे उपपत्ति खोटीच. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ‘दाम’ नाकारणें आणि ‘चीज’ संभवनीय मानणें हे दोन्ही निर्णय पुराव्यानें व्हावेत, अभिमानानें नव्हेत. जो अभिमान खोट्या दामावर पोसतो, त्याला खऱ्या चिजेची किंमत कळत नाहीं.

येथें कोणी सौम्यपणें म्हणेल, ‘अहो, एवढें रागावण्यासारखें यांत काय आहे? गोष्ट खोटी असली तरी मुलांना संप्रदाय लक्षांत राहतो ना?’ हा बचाव आम्हीं इतक्या वेळां ऐकला आहे कीं त्याचें उत्तर सविस्तर देणें प्राप्त आहे. ‘रूल ऑफ थंब’ हा संप्रदाय पाहा. ढोबळ अनुभवावर बसविलेला नियम, आपल्या भाषेंत ठोकताळा, असा याचा अर्थ. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो छापील इंग्रजींत दिसतो, आणि तेथें मोजपट्टी न घेतां अंगठ्यानें अदमास करणारा कारागीर डोळ्यांपुढें येतो. परंतु १९७० नंतरच्या दशकांत अशी कथा प्रसृत झाली कीं, नवऱ्यानें बायकोला अंगठ्यापेक्षां जाड नसलेल्या काठीनें मारण्यास हरकत नाहीं असा इंग्रजी कायदा होता, व तोच हा अंगठ्याचा नियम. १९८२ सालीं अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाच्या, मार खाणाऱ्या स्त्रियांविषयींच्या अहवालाच्या शीर्षकांतच हा संप्रदाय या अर्थानें झळकला.

या कथेच्या मागें कांहींच नाहीं असें नव्हे. सर फ्रान्सिस बुलर या न्यायाधीशाच्या तोंडीं असें मत घातलें गेलें आणि जेम्स गिलरे या व्यंगचित्रकारानें १७८२ सालीं ‘जज थंब’ म्हणून त्याची बेअब्रू केली; पण बुलरनें तसा निकाल दिल्याचा लेख आढळत नाहीं, आणि संप्रदाय तर त्याच्या जन्माआधींचा आहे. कथा खोटी, परंतु तिनें जी तक्रार मांडावयाची होती ती मात्र पूर्णपणें खरी होती. नवऱ्यास बायकोला ‘बेताची शिक्षा’ करण्याचा अधिकार जुना कायदा देत असे, हें ब्लॅकस्टननें १७६५ सालीं लिहून ठेवलें आहे. उत्तर कॅरोलायनांतील एका खटल्यांत १८६८ सालीं खालच्या न्यायाधीशानें अंगठ्याएवढ्या जाडीच्या छडीचें माप प्रत्यक्ष बोलून दाखविलें, आणि वरिष्ठ न्यायालयानें तें माप नाकारलें तरी नवऱ्याची सुटका कायमच ठेवली. इंग्लंडांत बायकोला मारण्याचा वा कोंडून ठेवण्याचा हक्क नवऱ्यास नाहीं असें निःसंदिग्धपणें ठरावयास १८९१ साल उजाडलें. एवढा भरभक्कम खरा पुरावा हाताशीं असतां एक बनावट व्युत्पत्ति पुढें करण्यांत आली. परिणाम काय झाला? १९९४ सालीं क्रिस्टिना हॉफ सॉमर्स यांनीं नेमक्या याच कच्च्या विटेवर बोट ठेवून स्त्रीवादी लेखनाच्या विश्वासार्हतेवरच हल्ला चढविला. खोटा साक्षीदार उलटतपासणींत फुटला म्हणजे खऱ्या फिर्यादीचेंहि नुकसान होतें, हें कोणताहि वकील सांगेल. ज्यांना ही करमणूक निरुपद्रवी वाटते त्यांनीं हा खटला लक्षांत ठेवावा.

दुसरा उपद्रव विचारशक्तीचा. ‘दि एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल’ ही म्हण वादांत हरूं लागलेल्या माणसाची आवडती ढाल आहे. त्याच्या नियमाविरुद्ध उदाहरण दाखविलें कीं तो म्हणतो, ‘अपवादानें नियम सिद्धच होतो!’ यावर उपाय म्हणून कांहीं विद्वान् सांगतात कीं, येथें ‘प्रूव्ह’ म्हणजे सिद्ध करणें नव्हे, पारखणें. हीहि उपपत्ति चुकीचीच. म्हण निघाली ती रोमन कायद्याच्या अंगणांतून. इसवी सनापूर्वीं ५६ या वर्षीं बाल्बस नांवाच्या इसमाच्या नागरिकत्वाचा बचाव करतांना सिसरोनें असा युक्तिवाद केला कीं, कांहीं तहांत नागरिकत्व देण्यास स्पष्ट मनाई घातलेली आहे. तेव्हां जेथें ती मनाई घातलेली नाहीं तेथें परवानगी आहे असेंच मानलें पाहिजे. ‘रविवारीं वाचनालय बंद’ या पाटीवरून इतर दिवशीं तें उघडें असतें हें सिद्ध होतें, तसें हें. खरें मूळ कळलें तर म्हण तर्कशुद्ध होते. न कळलें तर तीच म्हण तर्काचा गळा घोटण्याच्या कामीं येते.

आणि ही संवय केवळ परक्या भाषेपुरती राहत नाहीं. आपल्या भाषेंतहि ज्यांचीं मुळें इतिहासांत स्पष्ट आहेत असे संप्रदाय आहेत. पानिपत होणें याला १७६१ च्या जानेवारीची साक्ष आहे. अटकेपार झेंडा लावणें याच्या मागें १७५८ ची मोहीम आहे. पण याच रांगेंत आम्ही ‘ध चा मा करणें’ हाहि बिनदिक्कत उभा करतों. १७७३ च्या ऑगस्टांत शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हा इतिहास. आनंदीबाईनें ‘धरावें’चें ‘मारावें’ केलें, ही गोष्ट. ती ज्यांना लहानपणापासून मुखोद्गत आहे, त्यांपैकीं किती जणांनीं तें पत्र कोठें आहे, असें कधीं विचारलें? एका अक्षराच्या चमत्कृतीची गोडी एवढी मोठी कीं, तिच्यापायीं एका स्त्रीला अडीचशें वर्षें पुराव्यावांचून अपराधी ठरविण्यांत आम्हांस कांहीं वावगें वाटलें नाहीं. संप्रदाय म्हणून तो खुशाल वापरावा. पुरावा म्हणून वापरूं नये.

खरें मूळ शोधणें हें काम कंटाळवाणें असतें, म्हणून तें थोड्यांच्याच हातून होतें. ‘ओके’ हीं दोन अक्षरें आज जगांतील बहुतेक भाषांत शिरलीं आहेत. त्यांचें मूळ कोणी चॉक्टॉ इंडियनांच्या भाषेंत दाखवी, कोणी ग्रीकांत, कोणी एखाद्या बिस्किटवाल्याच्या नांवांत. अॅलन वॉकर रीड या अमेरिकन प्राध्यापकांनीं यांपैकीं कोणत्याहि कथेचा हात धरला नाहीं. ते जुनीं वृत्तपत्रें वाचीत बसले. १९६३-६४ सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्यें हीं अक्षरें ‘ऑल करेक्ट’ या शब्दांच्या मुद्दाम चुकविलेल्या स्पेलिंगचा संक्षेप म्हणून आलीं होतीं. त्या काळीं तेथील पत्रकारांत असल्या वात्रट संक्षेपांची टूम होती. पुढच्याच वर्षींच्या अध्यक्षीय निवडणुकींत हीं अक्षरें गाजलीं आणि टिकलीं. केवढा क्षुल्लक उगम! एकाहि कथाकाराला हा सुचला नव्हता, आणि सुचता तरी त्यानें तो नापसंत केला असता. कारण त्यांत ना शौर्य, ना पुराण, ना राजवाडा.

म्हणून जे शिकवितात आणि जे छापतात त्या दोघांनाहि आमचें मागणें आहे. उत्पत्ति सांगावयाची तर ग्रंथ आणि सन यांसह सांगा. तीं नसतील तर ‘अशी एक गोष्ट सांगतात’ एवढे चार शब्द आधीं जोडा. गोष्टीची गोडी त्यानें कमी होणार नाहीं. आणि मूळ सिद्ध झालेलें नसेल तेथें तसें स्पष्ट म्हणा. आमच्याकडे सुशिक्षितपणाची कसोटी अशी होऊन बसली आहे कीं, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असलेंच पाहिजे. घरांत मुलानें विचारावें आणि वडिलांनीं ‘ठाऊक नाहीं, पण चल, कोश पाहूं’ म्हणावें, यांत वडिलांची मान खालीं जात नाहीं. त्या मुलाच्या हातीं एक गोष्ट कमी लागेल. पण ‘हें कशावरून?’ हा प्रश्न त्याला जन्मभर पुरेल, आणि तो त्याला म्हणींपेक्षां पुष्कळ मोठ्या बाबतींत विचारावा लागणार आहे.